सगुणाबाईच्या पदरातल्या गोळ्या

राजूरहून जालन्याला येणाऱ्या दुपारच्या बसमध्ये कौसल्या खिडकीशी बसली होती. मांडीवर जेवणाचा डबा. पायाशी पिशवी, आणि पिशवीत एक ताट, थोडं ज्वारीचं पीठ, एक पणती, तेलाची बाटली आणि एक दुरडी. शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेरी का?" तर कौसल्या म्हणाली, "न्हाई, दवाखान्यात." त्यावर त्या बाईनं पिशवीकडं पाहिलं. दवाखान्यात दुरडी कशाला नेतात, हे विचारायचा तिला धीर झाला नसावा.

काम तसं साधं होतं. सासूचा जीव ज्या खाटेवर गेला, त्या खाटेखाली दिवा ठेवायचा होता, आणि तोही कोणाच्या डोळ्यावर न येता.

आता तुम्ही म्हणाल, दिवा घरी ठेवायचा असतो. बरोबर आहे. घरीही ठेवला होता. गेलेल्या माणसाच्या नावानं दिवा लावायचा, शेजारी ताटात पीठ पसरायचं, वर दुरडी पालथी घालायची, आणि नंतर दुरडी उचलून पीठ बघायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. पिठावर कधी चिमणीचं पाऊल उमटतं, कधी गाईचं खूर, आणि माणूस कुठल्या जन्माला गेलं ते जाणती माणसं त्यावरून सांगतात. पण सगुणाबाईच्या नावानं ठेवलेलं पीठ जसं चाळलं होतं तसंच राहिलं. चुलतसासू दुर्गाबाई ते ताट हातात घेऊन कितीतरी वेळ बसली होती.

"कौसे," ती शेवटी म्हणाली, "म्हातारी घरी आलीच न्हाई. जिथं श्वास सोडला तिथंच बसून राह्यलीय. तिथं ठेव दिवा. न्हाईतर दहाव्याला कावळा शिवायचा न्हाई."

म्हणून ही पिशवी.

जालन्यात उतरून मस्तगडावरून रिक्षा केली की गावाच्या टोकाला एका ट्रस्टचा दवाखाना लागायचा. दोन हजार पाचचा हिवाळा असावा. त्या साली जिल्ह्यात खोकल्याची वाईट साथ आली होती. आधी ताप, मग कोरडा खोकला, मग छाती अशी भरायची की माणसाला चार शब्द बोलवायचे नाहीत. डॉक्टर म्हणायचे, हवेतून पसरणारा विषाणू आहे, त्याला औषध नाही. सरकारी दवाखान्यात खाटा संपल्या, तेव्हा लोक इकडं येऊ लागले. इथं ऑक्सिजन होता, आणि इथं भालचंद्र डॉक्टर होते.

भालचंद्र डॉक्टर म्हणजे शहरातल्या जुन्या घराण्यातले. आवाज कधी चढायचा नाही. बोलणं असं गोड, की ऐकून माणूस निम्मा बरा होऊन जायचा. पायात नेहमी काळे बूट, तळव्याला शंकरपाळ्यांची नक्षी, आणि फरशीवरून चालताना त्यांचा कर्र कर्र आवाज यायचा. तो आवाज आला की वॉर्डातली माणसं सावरून बसायची. देवमाणूस आहे म्हणायची. मला त्या शब्दाची आता चीड येते.

वॉर्ड म्हणजे एक लांब हॉल. एक ओळ खिडकीकडं, एक भिंतीकडं. खिडकीकडं ऊन यायचं, भिंतीकडं ओल. उमा सिस्टर सकाळ-संध्याकाळ ट्रे घेऊन फिरायच्या आणि प्रत्येकाला एक पांढरी गोळी द्यायच्या. कशाची? तर ताकदीची. भरती करताना अंगठा घेतला होता. तो कशाचा? तर दवाखान्याचा नियम. खेड्यातल्या माणसाला नियम म्हटलं की पुढं विचारायची सोय राहत नाही.

सगुणाबाई, कौसल्याची सासू, खिडकीकडच्या खाटेवर होती. म्हातारी डावखुरी, मिसरी लावणारी, आणि बोलण्याआधी जिभेनं 'च्च' असा आवाज करणारी. तिला गाठी मारायची खोड होती. सुपारी, चिल्लर, नातवासाठी गुळाचा खडा, सगळं पदराच्या टोकाला बांधलेलं. डाव्या हातानं मारलेली तिची गाठ उलटी बसायची, आणि घरात दुसऱ्या कोणाला ती सुटायची नाही.

तिनं त्या गोळ्याही बांधल्या. उमा सिस्टरांनी गोळी जिभेवर ठेवली की म्हातारी ती गालात सारायची, पाण्याचा घोट घ्यायची, आणि सिस्टर पुढच्या खाटेकडं वळल्या की बोट घालून बाहेर काढायची. कौसल्यानं एकदा पाहिलं.

"आत्याबाई, आवो खावा ती."

"च्च. मला काय करायचीय ताकत? माज्या धर्माला खोकला लागलाय. उद्या तो हितं आला तर त्याला व्हतील."

आता या आईला कोणी काय सांगावं? औषध म्हणजे खाऊ, आणि खाऊ म्हणजे आधी लेकराला, एवढंच तिला माहीत. ती मोठ्या दवाखान्यात आली होती, पण वागली ती आयुष्यभर वागली तशीच.

एका सांजेला लाइट गेली, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत म्हातारी गेलेली होती. दवाखान्यानं तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळून दिली. अंगावरची साडी कुठंय, म्हणून कौसल्यानं विचारलं, तर कोणालाच ठाऊक नव्हतं. भालचंद्र डॉक्टर म्हणाले, "आई गेली, आणि तुम्ही साडीचं काय घेऊन बसलात?" कौसल्या लाजली. लाजायचं कोणी होतं, आणि लाजलं कोण.

सगुणाबाईला पोचवून आले तोच तिच्या लेकाचा, कौसल्याच्या नवऱ्याचा, धर्मराजचा खोकला छातीत उतरला. म्हातारी म्हणाली होती तसंच झालं. त्याला भिंतीकडची खाट मिळाली.

*

कौसल्या पोचली तेव्हा तिचा दीर काकासाहेब भावाच्या उशाशी बसून होता. त्याला दहाव्याच्या तयारीला गावी परतायचं होतं. तो गेला. धर्मराज डोळे मिटून पडला होता, नाकात नळी, ओठ काळसर. कौसल्यानं कपाळाला हात लावला तर हाताला चटका बसला. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिनं या माणसाला कधी दिवसा झोपलेला पाहिला नव्हता. हा उठला नाही तर, असं तिच्या मनात आलं, आणि पुढचं काही येऊ नये म्हणून ती पिशवी उचलून खिडकीकडच्या खाटेशी गेली.

तिथं आता आष्टीचे रखमाजी होते. सत्तरी उलटलेले, पण सावध. कौसल्यानं दबल्या आवाजात काम सांगितलं.

"ठेव माय," ते म्हणाले. "सांजच्याला उशाशी कोणीतरी बसल्यावानी होतंय मला. मिसरीचा वास येतो. कोणाची जागा है ते मी वळखलंच व्हतं."

ती खाटेखाली वाकून पीठ पसरत होती, तेवढ्यात उमा सिस्टर येऊन उभ्या राहिल्या. कौसल्याला वाटलं, आता ओरडणार. पण त्या खाली बसल्या.

"दिवा पेटवू नका," त्या हळूच म्हणाल्या. "इथं ऑक्सिजन आहे, भडका होईल. नुसता ठेवा." मग त्या दुरडीकडं बघत राहिल्या. डोळे भरून आले होते. "तुमच्या सासूबाईंचं मला फार लागलं. खरी गोळी मिळत होती त्यांना, तरी गेल्या…"

"खरी म्हंजी?"

उमा सिस्टर उठू लागल्या. पण निसटलेला शब्द परत कसा घेणार?

"सिस्टर, खरी म्हंजी काय?"

मग त्यांनी सांगितलं. आधी अडखळत, आणि मग एकदम, बरेच दिवस साचलेलं सांगावं तसं. ती ताकदीची गोळी नव्हतीच. सांधेदुखीवरची जुनी गोळी होती, मस्तगडावरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी. ती या खोकल्यावर चालते का, हे एका कंपनीला बघायचं होतं. म्हणून खिडकीकडच्यांना ती द्यायची, आणि भिंतीकडच्यांना तशीच दिसणारी, पण आत काहीच नसलेली.

"भिंतीकडच्यांना…" कौसल्या म्हणाली आणि तिनं नवऱ्याच्या खाटेकडं पाहिलं.

उमा सिस्टरांनी दुरडी उचलून ताटावर पालथी घातली.

कौसल्या उठली ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही.

"डाक्टर साहेब, माज्या मालकाला खोटी गोळी खाऊ घालून राह्यलात?"

भालचंद्र डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बसा ताई. खोटी म्हणू नका. तिच्यानं अपाय होत नाही. या रोगावर औषधच नाही, मग जुन्या औषधांतलं एखादं चालतं का ते शोधायला नको? अर्ध्यांना द्यायचं आणि अर्ध्यांना नाही, तेव्हाच कळतं. जगभर असंच करतात."

"जगभर इचारत आसतील."

"तुम्हाला सांगितलं असतं तरी समजलं नसतं."

हे वाक्य त्यांनी त्याच गोड आवाजात म्हटलं, आणि कौसल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय समजलं नसतं? नवं बियाणं आलं की आमी बी आर्ध्या वावरात नवं पेरतो, आर्ध्यात जुनं. पर वावर आमचं आसतं, साहेब. हे मानूस माजं है. त्याला इचारलं का? माज्या सासूला इचारलं का?"

"तुमच्या सासूबाईंना औषध मिळत होतं. उपयोग झाला नाही. म्हाताऱ्या माणसांना त्याचा गुण येत नाही, एवढं त्यातून कळलं."

"ती खातच नव्हती. पदरात बांधत व्हती."

डॉक्टर हसले. "सिस्टरांनी दिली म्हणजे खाल्ली. तुमच्या सांगण्यावरून मी माझा अभ्यास बदलू का?"

म्हातारी लेकासाठी उपाशी राहिल्यासारखी मेली, आणि या माणसानं तिच्या मरणातून शहाणपण काढलं. तेही चुकीचं.

"मंग मालकाला खरी द्या."

"आता मधेच देता येत नाही."

"मी दुकानातून आणते."

डॉक्टरांनी चष्मा चढवला. "बाहेरचं औषध द्यायचं असेल तर पेशंट बाहेर न्यावा लागेल. खुशाल न्या. ऑक्सिजन कुठं मिळतो तेवढं आधी बघून ठेवा."

कौसल्या बाहेर आली. त्या दिवसांत साऱ्या जिल्ह्यात ऑक्सिजन कुठं नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. नवऱ्याच्या नाकातली ती नळी म्हणजे तिच्या तोंडावर ठेवलेला हात होता.

*

सांज झाली. खिडक्यांच्या काचांवर धुकं चढलं, बाहेरची कडुनिंबाची झाडं दिसेनाशी झाली. फिनेलचा वास, खोकल्याचा आवाज, कुठंतरी नळ टपकतोय. उमा सिस्टर गोळ्या देऊन गेल्या होत्या. कौसल्यानं ती भिंतीकडची गोळी नवऱ्याच्या तोंडात जाताना पाहिली, आणि मुठी वळून बसून राहिली.

लाइट गेली.

रोजच जायची. पण त्या दिवशी अंधार झाला आणि सगळ्यांचा खोकला एकदम थांबला. एवढ्या माणसांचा वॉर्ड, आणि श्वासाचा आवाज नाही. नळही टपकायचा थांबला होता. मग खिडकीकडच्या बाजूनं पावलं ऐकू आली. अनवाणी. एक पाऊल टेकायचं आणि दुसरं फरशीला घासत यायचं, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं असतं तसं. ती पावलं दोन ओळींच्या मधून आली. कौसल्याच्या जवळून गेली. फिनेलच्या वासातून मिसरीचा वास आला, जळक्या तंबाखूचा, घरच्या ओट्यावरचा.

"आत्याबाई…" तिच्या तोंडून निघालं.

अंधारात, अगदी धर्मराजच्या उशाशी, जिभेचा आवाज झाला. च्च.

मग जनरेटर धडधडला आणि ट्यूबलाइट चमकल्या. सगळे पुन्हा खोकू लागले. धर्मराजनं डोळे उघडले होते. त्याची मूठ बंद होती.

"आई आल्ती," तो म्हणाला.

कौसल्यानं मूठ उघडली. आत एक पांढरी गोळी होती. कडा झिजलेल्या, तोंडात राहून निघाल्यासारख्या, आणि तिला साडीचा एक निळा धागा चिकटलेला. सगुणाबाईची शेवटची साडी निळी होती.

कौसल्याला भीती वाटली, खूप वाटली, खोटं कशाला सांगू. पण तिनं धागा काढला, पाणी घेतलं आणि ती गोळी नवऱ्याला दिली. मेलेल्या बाईच्या हातची, पण निदान खरी.

दुसऱ्या सांजेला तसंच झालं. तिसऱ्याही. लाइट जायची, पावलं यायची आणि धर्मराजच्या मुठीत एक झिजलेली गोळी असायची. त्याचा ताप उतरला. तो उठून बसला. एके सकाळी त्यानं भाकरी मागितली, तेव्हा कौसल्या पदर तोंडाला लावून रडली. गुण गोळीनं आला की आईनं दिली म्हणून आला, हे मला विचारू नका. गुण आला एवढं खरं.

आणि हे भालचंद्र डॉक्टरांना खुपलं.

विचार करा, पेशंट बरा होतोय आणि डॉक्टरला राग येतोय. कारण तो भिंतीकडचा. तो बरा झाला की त्यांचा अभ्यास बिघडत होता. चौथ्या सांजेला ते बूट वाजवत आले आणि खाटेशी उभे राहिले.

"तुम्ही बाहेरून गोळ्या आणताय."

"न्हाई."

"मग हा बरा कसा होतोय? पदर झटका."

वॉर्डातली माणसं वळून बघू लागली.

"सर…" उमा सिस्टर म्हणाल्या.

"पदर झटका म्हणतोय मी. यांना सवय असते बांधून आणायची."

भर वॉर्डात, परक्या माणसांसमोर, सासू जाऊन दहावा न झालेल्या बाईला हा माणूस पदर झटकायला सांगत होता. धर्मराज उठू लागला, पण नळीनं त्याला मागं ओढलं. कौसल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ती उभी राहिली. डॉक्टरांच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं पदर पसरला आणि झटकला. घराची किल्ली आणि केसातली एक पिन, एवढंच खाली पडलं.

"म्हातारी बांधत व्हती म्हनलं तवा तुमाला पटलं न्हाई," ती म्हणाली. "आता बराबर पटलं व्हय?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. नजर चुकवायला ते वळले, आणि त्यांना खिडकीकडच्या खाटेखालची दुरडी दिसली.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी जवळ जाऊन बुटाच्या टोकानं दुरडी उडवली.

पणतीतलं तेल संपलेलं होतं आणि वात जळून काळी झाली होती. ती पेटवलीच नव्हती. पण तिकडं कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण सगळे ताटाकडं बघत होते. पिठावर एक पाऊल उमटलं होतं. चिमणीचं नाही, गाईचं नाही. बुटाचं. शंकरपाळ्यांची नक्षी स्वच्छ, टाच एका बाजूनं झिजलेली. डॉक्टरांचा बूट अजून ताटाच्या अलीकडं होता, आणि दुरडी पालथी असताना आत कोणाचा पाय जाणार होता?

"कोणी केलं हे?" डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

रखमाजी खाटेवर उठून बसले होते. "साहेब," ते हळूच म्हणाले, "ते तुमचं है."

तेवढ्यात लाइट गेली. अंधारात पावलं आली, पण या वेळी ती धर्मराजकडं गेली नाहीत. डॉक्टर उभे होते तिथं येऊन थांबली.

च्च.

आणि मग अंधारात भालचंद्र डॉक्टर खोकले. कोरडा, लहानसा खोकला.

*

धर्मराजला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. दहाव्याला कावळा शिवला नाही. दुर्गाबाईनं पिठाची हकीकत ऐकली आणि एवढंच म्हणाली, "त्याचा माग उमटला ना? मंग ती त्याच्या मागं गेली."

घरी आल्यावर कौसल्याला वाटलं, संपलं. पण पहिल्याच सांजेला ती दिवा लावून उंबऱ्याशी आली, तर उंबऱ्यावर एक पांढरी गोळी. दुसऱ्या दिवशी आणखी एक. धर्मराज म्हणाला, "आई आजून देऊन राह्यली." त्याला आता गोळीची गरज नव्हती. कौसल्या त्या फडताळात एका डबीत टाकत गेली. डबी भरत आली, तेव्हा तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. म्हातारीनं जेवढ्या बांधल्या असतील तेवढ्या केव्हाच संपल्या होत्या. आणि या झिजलेल्या नव्हत्या. नव्या होत्या, आणि मिळायच्या तेव्हा ओलसर असायच्या.

मग ह्या कोणाच्या?

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गर्दी होती. तिथं दर्शनाच्या रांगेत तिला उमा सिस्टर दिसल्या. वाळून गेल्या होत्या.

"डॉक्टरांसाठी आले," त्या म्हणाल्या. "त्यांना तोच खोकला लागलाय. दोन्ही वेळा मी माझ्या हातानं गोळी देते. खरी. त्यांच्यासाठी काही खिडकीकडं-भिंतीकडं केलं नाही. पण काही उपयोग नाही, कौसल्याबाई. आणि ते काहीतरी भलतंच बोलतात…"

कौसल्या दर्शन न घेताच रांगेतून बाहेर पडली.

घरी येऊन ती डबी पुढ्यात घेऊन बसली. मनात एकदा आलं, भोग म्हणावं. खोटं नाही सांगत, चांगलं दोनदा आलं. त्या माणसानं तिच्या नवऱ्याला मरायला ठेवलं होतं. पण मग तिला तिचेच शब्द आठवले. इचारलं का? तिनं दाराकडं, रिकाम्या उंबऱ्याकडं पाहिलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "त्याच्या तोंडातलं काढून राह्यलात, त्याला तरी इचारलं का? मंग आपल्यात आन् त्याच्यात फरक काय राह्यला? पुरे आता."

उंबऱ्यावर काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात पोचली. डॉक्टर एका वेगळ्या खोलीत होते. नाकात नळी, डोळे खोल गेलेले. तिला बघून त्यांनी भिंतीकडं सरकायचा प्रयत्न केला.

"मी गिळतो," ते म्हणाले. दोन शब्दांमध्ये धाप. "खरंच गिळतो… पण सांजेला कोणीतरी… गालात बोट घालतं. म्हाताऱ्या बाईचं बोट. शोधतं… आणि काढून नेतं."

कौसल्यानं डबी त्यांच्या उशाशी ठेवली.

"ह्या तुमच्याच हैत. मला न्हाई ठाऊक गुण येतो का न्हाई, तुमालाबी न्हाई ठाऊक. खायच्या तर खावा, न्हाईतर ठेवा. मी इचारून राह्यले."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून. हात डबीवर ठेवला. कौसल्यानं तो हात तिथं पाहिला आणि मगच ती निघाली. मन हलकं झालं होतं. आपण माणसासारखं वागलो, असं तिला वाटलं.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. शेतांवर सांज उतरत होती. कंडक्टरनं तिकीट मागितलं, म्हणून तिनं पैसे काढायला पदर पुढं घेतला, आणि तो जड लागला.

टोकाला गाठ होती. तिनं मारली नव्हती. आत कितीतरी गोल, टणक काहीतरी दाटीनं भरलं होतं. तिनं गाठ सोडायला बोटं घातली, दातांनी ओढून पाहिली, पण ती सुटेना. उलटी मारलेली होती, डाव्या हाताची.

पदर ओला झाला होता, आणि त्याला मिसरीचा वास येत होता.